लाल कुलूप, कोरं पान, गायब बटण

‘या कॉम्प्युटरवर साइटच उघडत नाही’ या तक्रारीमागे निदान तीन वेगळी दुखणी असतात आणि तिन्हींवर एकच औषध सुचवलं जातं: युजर-एजंट (ब्राउझर सर्व्हरला आपलं नाव-आवृत्ती सांगतो ती ओळ) बदलून बघा. म्हणजे जुन्या क्रोमला नव्या क्रोमचा मुखवटा चढवा. हे क्वचित लागू पडतं, एरवी दुखणं वाढतं. का, ते पुढे येईलच. आधी गाडी दाराशीच अडली की आत शिरून अडली, एवढं बघायचं.

मशीन बदलत का नाही, असं विचारणाऱ्यांनी लेथचा कंट्रोलर किंवा पॅथॉलॉजी लॅबमधलं जुनं यंत्र आठवावं. त्याचा ड्रायव्हर विंडोज एक्सपीच्या पुढे आलाच नाही, म्हणून मशीन तिथेच आहे. अशा मशीनवर काय चढवता येतं याची हद्द ठरलेली आहे. एक्सपीवर इंटरनेट एक्सप्लोरर ८, क्रोम ४९ (२०१६) आणि फायरफॉक्स ५२ ईएसआर (दीर्घ मुदतीची आवृत्ती, २०१८) इथे गाडी थांबते. विंडोज ७ वर क्रोम १०९ (जानेवारी २०२३) शेवटचा. फायरफॉक्स ११५ ईएसआरची मुदत मात्र मोझिलाने पुन्हा पुन्हा वाढवली.

लाल कुलूप

सर्टिफिकेटची, म्हणजे साइटची ओळख पटवणाऱ्या दाखल्याची, तक्रार दिसली की पहिली नजर घड्याळाकडे, खाली उजव्या कोपऱ्यात. तारीख २००९ ची दिसत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल गेलाय. हे ३ व्होल्टचं नाण्याएवढं बटण सेल असतं. मशीन बंद केलं की घड्याळ मागे जातं आणि ब्राउझरला आजची सगळी सर्टिफिकेटं ‘अजून सुरूच झालेली नाहीत’ अशी दिसतात. तारीख हाताने दुरुस्त केली तर काम दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं, सेल बदलला तर कायमचं. सेल काढण्याआधी बायोसमधल्या हार्ड डिस्कच्या सेटिंगचा फोटो काढून ठेवा. जुन्या बोर्डांवर ती आयडीईवरून एएचसीआयवर (डिस्कशी बोलण्याच्या दोन पद्धती) किंवा उलट सरकली की विंडोज निळ्या पडद्यावर आपटतं, आणि सेलपायी नवीनच दुखणं मागे लागतं.

घड्याळ बरोबर असेल तर नेमका संदेश वाचा. ‘व्हर्जन ऑर सायफर मिसमॅच’ असं असेल तर ब्राउझर आणि सर्व्हरला एकमेकांची भाषाच कळत नाहीये. ही भाषा म्हणजे टीएलएस; एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला टीएलएस १.० च्या पुढचं येत नाही, आणि टीएलएस १.० व १.१ तर २०२१ च्या मार्चमध्ये अधिकृतपणे मोडीत निघाले. शिवाय एक्सपीवरचा हा ब्राउझर जोडणी करताना ‘मला अमुक नावाची साइट हवी’ हे सर्व्हरला सांगतच नाही. आज एका आयपी पत्त्यावर शेकडो साइट्स नांदतात. नाव न सांगता गेलात तर भलत्याच साइटचं सर्टिफिकेट हातात पडतं, नाहीतर दार आपटलं जातं. त्याच्यामागे वेळ घालवू नका.

क्रोम ४९ ला टीएलएस १.२ येतं, नावही सांगता येतं. पण सर्टिफिकेट खरं की खोटं हे तो विंडोजला विचारतो आणि एक्सपीला एलिप्टिक कर्व्हवाली (नव्या गणिती सहीची) सर्टिफिकेटं तपासता येत नाहीत. म्हणून त्याच मशीनवर अर्ध्या साइट्स उघडतात आणि अर्ध्या नाही, आणि लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात. फायरफॉक्स आपलं कुलूप, किल्ली आणि विश्वासू संस्थांची यादी स्वतःबरोबर घेऊन येतो, विंडोजला काही विचारत नाही. एक्सपीवर तोच किंवा त्याच्याच घराण्यातला ब्राउझर घ्यायचा, त्याचं कारण हेच.

संदेश ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ असा असेल तर भाषा जुळली आहे, फक्त सही कोणाची ते ओळखू येत नाही. याचं सगळ्यात सामान्य कारण ३० सप्टेंबर २०२१ ला घडलं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट सर्टिफिकेटं देते, त्यामुळे लहानमोठ्या असंख्य साइट्स तिच्यावर चालतात. तिची साखळी ज्या जुन्या मूळ सर्टिफिकेटवर टेकली होती, त्याची मुदत त्या दिवशी संपली. नवीन मूळ सर्टिफिकेटाचं नाव आयएसआरजी रूट एक्स१. विंडोज ७ ते गरज पडली की आपसूक उतरवून घेतं, पण ज्यांनी विंडोज अपडेट मुळापासून बंद करून ठेवलंय तिथे ते येत नाही. एक्सपीवर तर हातानेच बसवावं लागतं.

बसवायचं ते असं. दुसऱ्या, चालत्या कॉम्प्युटरवर लेट्स एन्क्रिप्टच्या स्वतःच्या साइटवरून ती फाइल उतरवा आणि पेनड्राइव्हने आणा. पीईएम प्रकारची असेल तर डबल क्लिकवर काही होणार नाही; फाइलचं शेपूट बदलून सीआरटी करा, मग उघडते. मुदत ४ जून २०३५ पर्यंत दिसते ना, ते बघा. मग ‘इन्स्टॉल सर्टिफिकेट’. पुढच्या पडद्यावर ‘आपोआप निवडा’ हा पर्याय सोडून दुसरा घ्या आणि ‘ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज’ हे कपाट स्वतः निवडा. भलत्या कपाटात पडलं तर तक्रार तशीच राहते आणि आपण म्हणतो, सर्टिफिकेट चालत नाही. ‘सगळी सर्टिफिकेटं एका झिपमध्ये’ असलं काही अनोळखी माणसाकडून घेऊ नका. मूळ सर्टिफिकेट बसवणं म्हणजे घराची किल्ली देणं.

अँड्रॉइड फोनवर हीच अडचण ७.१.१ च्या आधीच्या आवृत्त्यांना येते. सेटिंग्जमधल्या सिक्युरिटीत ‘इन्स्टॉल फ्रॉम स्टोरेज’ असतं. ते आधी पिन किंवा पॅटर्न लावायला लावतं आणि मग ‘तुमच्या नेटवर्कवर नजर असू शकते’ असा इशारा देत राहतं. इशाऱ्याने घाबरू नका, मात्र बसवलेलं सर्टिफिकेट कोणतं हे लक्षात ठेवा.

कोरं पान

कुलूप हिरवं, पत्ता बरोबर, पानाचं शीर्षकही टॅबवर आलं, पण पडदा पांढराफटक. एफ१२ दाबा आणि कन्सोलमधली पहिली लाल ओळ वाचा. पहिलीच, बाकीच्या बहुतेक तिच्या पिलावळीतल्या असतात.

ती ओळ ‘सिंटॅक्स एरर, अनएक्स्पेक्टेड टोकन’ अशी असेल तर फाइलमध्ये असं एखादं व्याकरण आहे जे या ब्राउझरने कधी पाहिलेलंच नाही. उदाहरणार्थ ही ओळ:

`ग्राहक?.पत्ता ?? "नाही"`

(जावास्क्रिप्टमध्ये चलांची नावं देवनागरीत चालतात, त्यामुळे ओळ खरीच आहे.) अर्थ असा: ग्राहक असेल तर त्याचा पत्ता दे, नसेल तर ‘नाही’ म्हण. प्रश्नचिन्ह-टिंब हे चिन्ह क्रोमला ८० पासून, फायरफॉक्सला ७४ पासून आणि आयफोन-आयपॅडच्या सफारीला १३.४ पासून कळतं. त्याआधीचा ब्राउझर टिंबापाशी अडखळतो आणि ती एक ओळ सोडून पुढे जात नाही, अख्खी फाइल फेकून देतो. आजकाल साइटचा सगळा कारभार एकाच मोठ्या फाइलीत बांधलेला असतो, म्हणून एका टिंबापायी सगळं पान कोरं. जुन्या व्याकरणात हेच असं लिहायचे:

`(ग्राहक && ग्राहक.पत्ता) || "नाही"`

जवळपास तेच, पण तंतोतंत नाही. पत्ता रिकामा ठेवलेला असेल तर जुनी ओळ ‘नाही’ म्हणते, नवी रिकामा पत्ताच देते. बेबलसारखं साधन हेच रूपांतर करताना लांबलचक कोड का लिहितं, त्याचं कारण हा फरक.

लाल ओळ ‘अमुक इज नॉट अ फंक्शन’ किंवा ‘अमुक इज नॉट डिफाइन्ड’ अशी असेल तर जीव भांड्यात पडू द्या. व्याकरण कळलंय, फक्त एखादं अवजार पेटीत नाही. रिप्लेसऑल क्रोम ८५ मध्ये आलं, स्ट्रक्चर्डक्लोन ९८ मध्ये. अवजार बाहेरून पुरवता येतं, त्यालाच पॉलिफिल म्हणतात. टॅम्परमंकीसारखं एक्स्टेंशन घ्या, कोअर-जेएस या तयार पॉलिफिलच्या संग्रहातला हवा तेवढा भाग त्यात चिकटवा आणि स्क्रिप्ट चालण्याची वेळ ‘डॉक्युमेंट-स्टार्ट’ ठेवा. ही वेळ ठेवायला विसरलात तर तुमचं अवजार साइटची स्क्रिप्ट आपटून झाल्यावर पोचतं. आणि कोड चिकटवायचाच, बाहेरच्या पत्त्यावरून पानात ओढून आणायचा नाही, कारण बऱ्याच साइट्सचं सुरक्षा धोरण परक्या पत्त्यावरची स्क्रिप्ट आत घेत नाही. व्याकरणाच्या चुकीवर मात्र पॉलिफिलचा काडीचा उपयोग नाही. ज्याला वाचताच येत नाही त्याच्या हाती शब्दकोश देऊन काय होणार?

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा: पान कोरं, कन्सोल स्वच्छ, एकही लाल ओळ नाही. नव्या पद्धतीने बांधलेल्या साइट्स आपली स्क्रिप्ट ‘मॉड्यूल’ या प्रकाराने देतात. क्रोम ६१ आणि फायरफॉक्स ६० च्या आधीच्यांना हा प्रकारच माहीत नाही, आणि अनोळखी प्रकारची स्क्रिप्ट दिसली की ब्राउझर तिच्याकडे बघतसुद्धा नाही. चूक झालेलीच नसते, मग लाल ओळ कुठून येणार? पानाचा सोर्स उघडून बघा. एक रिकामा डबा आणि मॉड्यूलची एक ओळ एवढंच असेल तर या ब्राउझरमध्ये ती साइट चालणार नाही, हे तिथेच पक्कं.

आयपॅडवर हे सगळं आणखी अवघड. आयओएस १२ वर अडकलेल्या पहिल्या आयपॅड एअरवर क्रोम टाकून उपयोग होत नाही. तिथे सगळ्या ब्राउझरांच्या पोटात सफारीचंच इंजिन असतं, आणि ते प्रश्नचिन्ह-टिंबाच्या आधीचं.

गायब बटण

पानाची मांडणी आणि रंग ठरवणारं सीएसएस जावास्क्रिप्टपेक्षा दिलदार असतं. न कळलेली ओळ सोडतं, पुढे जातं. म्हणून पान कोरं पडत नाही, विस्कटतं. जुन्या ब्राउझरमध्ये दोन बटणं एकमेकांना चिकटलेली दिसली तर समजा, फ्लेक्स मांडणीतला गॅप, म्हणजे मधलं अंतर, कळलेला नाही (क्रोम ८४ पासून कळतो). फोटोच्या जागी मोडकं चित्र दिसलं तर फाइल वेबपी किंवा एव्हिफ या नव्या चित्रप्रकारातली असणार. फायरफॉक्सला वेबपी ६५ पासून येतं, एव्हिफ ९३ पासून.

विंडोज ७ वाल्यांनी जपायचं ते एका ठिकाणी. टेलविंड ४ हे सीएसएससाठी सध्या सर्रास वापरलं जाणारं साधन क्रोम १११, सफारी १६.४ आणि फायरफॉक्स १२८ पासून पुढचंच धरून चालतं. विंडोज ७ चा क्रोम १०९ वर थांबलाय. हुकला तो दोन आकड्यांनी! टेलविंडचे ठरावीक रंग ओकेएलसीएच या नव्या पद्धतीने लिहिलेले असतात, ती क्रोमला १११ मध्ये आली. रंग चलात साठवलेला असल्यामुळे ब्राउझरला तो वापरायच्या क्षणी कळत नाही आणि तो पार्श्वभूमी पारदर्शक ठेवतो. निळ्या बटणावरची पांढरी अक्षरं पांढऱ्या पानावर उरतात. बटण जागेवर असतं, दाबलं तर चालतंसुद्धा, फक्त दिसत नाही. फॉर्म भरून झाला आणि ‘पुढे जा’ सापडत नाही, तेव्हा कंट्रोल-ए दाबून सगळं निवडा. निवडलेल्या अक्षरांमध्ये बटण उठून दिसतं. रोजची साइट असेल तर स्टायलस या एक्स्टेंशनमध्ये त्या साइटपुरती बटणांना गडद पार्श्वभूमी देऊन टाका.

फायरफॉक्स ११५ ला हे रंग कळतात, ते ११३ मध्येच आले. माझं मत म्हणून सांगतो: विंडोज ७ वर क्रोम १०९ ठेवण्यात आता अर्थ नाही. फक्त ११५ ची आवृत्ती ११५.१३ किंवा पुढची हवी. त्याआधीच्यांमधलं एक मूळ सर्टिफिकेट १४ मार्च २०२५ ला संपलं आणि एक्स्टेंशनं बंद पडली. एक्सपीवरच्या फायरफॉक्स ५२ ईएसआरमध्ये एक्स्टेंशन बसत नसेल तर अबाउट-कॉन्फिगमध्ये जाऊन एक्सपी-इन्स्टॉलखालची ‘सिग्नेचर्स रिक्वायर्ड’ ही किल्ली फॉल्स करता येते. मग सही नसलेलं काहीही आत येतं, तेव्हा बसवताना डोळे उघडे ठेवा.

मुखवटा

आता त्या युजर-एजंटकडे. काही सर्व्हर ब्राउझरचं नाव-आवृत्ती बघून दारातूनच परत पाठवतात: ‘कृपया आपला ब्राउझर अपडेट करा’. पानाखाली साइट धडधाकट असेल तर मुखवटा इथे उपयोगी. क्रोममध्ये एफ१२, मग ‘मोअर टूल्स’मधलं ‘नेटवर्क कंडिशन्स’, तिथे आपोआप निवडीची खूण काढली की हवं ते नाव देता येतं.

पण काही सर्व्हर नाव बघून दोन वेगळ्या फाइली देतात: जुन्यांना उकडून मऊ केलेली, नव्यांना कच्ची. तुम्ही नवं असल्याचं सोंग घेतलं तर कच्ची मिळते आणि आधी जेमतेम चालणारं पान कोरं पडतं. ‘तुम्ही माणूसच आहात ना’ असं तपासणारे पहारेकरी नावाबरोबर ब्राउझरच्या अंगचे गुणही जुळवून बघतात. नाव नव्याचं आणि गुण जुन्याचे, म्हणजे नक्कीच भामटा. मग खूण करा, थांबा, पुन्हा खूण करा हे चक्र संपत नाही. अशा साइटवर खरं नाव सांगितलेलं बरं.

जुन्या घरात नवं इंजिन

एक्सपीसाठी सुपरमियम नावाचा, क्रोमियमवर (क्रोमच्या मुळाशी असलेला खुला ब्राउझर) बांधलेला ब्राउझर आहे, सर्व्हिस पॅक ३ असेल तर चालतो. नव्या साइट्सचं व्याकरण त्याला कळतं, पण भूकही नव्या क्रोमची. १ जीबी रॅमवर दोन टॅबमध्ये डिस्क घरघरायला लागते. २ जीबीखाली त्याच्या वाटेला जाऊ नये. त्याच्यापेक्षा हलका मायपॅल ६८, फायरफॉक्सच्या घराण्यातला. सुपरमियमला एसएसई२ असलेला प्रोसेसर हवा, म्हणजे पेंटियम ४ चालेल, पेंटियम ३ आणि अ‍ॅथलॉन एक्सपी नाही.

मराठी वाचायचं असेल तर एक्सपीवर आणखी एक खुंटी पिळावी लागते. रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, लँग्वेजेस टॅब, ‘इन्स्टॉल फाइल्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’. सीडी मागेल, तिच्यातला आय३८६ फोल्डर दाखवा. हे न करता इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ‘किती’ लिहिलं की पहिली वेलांटी क नंतर लटकते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. फायरफॉक्स अक्षरजोडणी स्वतः करतो, तरी मंगल फॉन्ट या फाइलींबरोबरच येतो, म्हणून खूण करावीच.

मधला माणूस

यापैकी काहीच न चाललं तर घरातल्या किंवा ऑफिसातल्या दुसऱ्या मशीनला मध्यस्थ करायचं. दोन जाती आहेत.

वेबवन हा पहिल्या जातीचा. तो कुलूप स्वतः उघडतो आणि जुन्या ब्राउझरला साध्या एचटीटीपीने पान देतो, वेबपी चित्रं जेपीईजी करून देतो. लिनक्स किंवा विंडोजवर डॉटनेटसह चालतो. जुन्या ब्राउझरच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये त्या मशीनचा आयपी पत्ता आणि पोर्ट ८०८० टाकायचा, आणि पत्ता लिहिताना एचटीटीपीएसमधला शेवटचा एस गाळायचा. बातम्या, ब्लॉग, सॉफ्टवेअर उतरवायच्या साइट्स यावर मजेत चालतात. जावास्क्रिप्टचं व्याकरण मात्र तो बदलत नाही, म्हणजे कोरं पान कोरंच राहतं.

दुसरी जात डब्ल्यूआरपी आणि ब्राउझर्व्हिस यांची. इथे खरा क्रोमियम मधल्या मशीनवर चालतो आणि जुन्या मशीनला पानाचं फक्त चित्र मिळतं. डब्ल्यूआरपीमध्ये तुम्ही चित्रावर जिथे टिचकी मारता तो बिंदू परत पाठवला जातो, क्रोमियम तिथे क्लिक करतो, नवं चित्र येतं. जिफमधले रंग कमी केले की अगदी नव्वदच्या दशकातल्या ब्राउझरलाही झेपतं. ब्राउझर्व्हिस जास्त जिवंत वाटतो, टाइप केलेलं लगेच दिसतं. फक्त तो मुळात स्वतःच्याच मशीनपुरता कान उघडा ठेवतो, म्हणून ऐकायचा पत्ता ०.०.०.० असा द्यावा लागतो. ४ जीबीचा रास्पबेरी पाय ४ एका माणसापुरता पुरतो.

दोन्ही जातींत मध्यस्थ आणि जुनं मशीन यांच्यामध्ये काहीच गुप्त नसतं. पासवर्ड उघडा जातो. राउटरवरून हे पोर्ट बाहेरच्या जगाला उघडू नका, आणि बँक, आधार, कर भरणा या मार्गाने करू नका. त्यासाठी हातातला फोन बरा.

ईमेलसाठी ब्राउझर लागतच नाही. जीमेलचं साधं एचटीएमएल रूप २०२४ मध्ये बंद झालं, पण विंडोज ७ वर थंडरबर्ड ११५ चालतो. एक्सपीवर थंडरबर्ड ५२ मध्ये गुगलचं लॉगिन पान अडलं तर खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घ्या. शोधासाठी डकडकगोचं ‘लाइट’ पान जावास्क्रिप्टशिवाय चालतं. गुगल शोधाला जानेवारी २०२५ पासून जावास्क्रिप्ट लागते. मराठी विकिपीडिया जुना ब्राउझर दिसला की स्क्रिप्ट देतच नाही, नुसता मजकूर देतो, म्हणून फायरफॉक्स ५२ मध्येही लेख सुरेख वाचता येतो.

साइटच तुमच्या हातात असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे. वाइट (Vite) या बांधणीच्या साधनावर बांधत असाल तर त्याचं अधिकृत ‘लेगसी’ प्लगइन लावा. ते मॉड्यूलच्या जोडीला जुन्यांसाठी वेगळी फाइल बनवतं आणि नव्या ब्राउझरवर तिचा भार पडत नाही. टेलविंड ३.४ वर थांबलात तर विंडोज ७ वाल्यांना बटणं दिसतील. आणि जुन्या टेंप्लेटमध्ये पॉलिफिल पुरवणाऱ्या पॉलिफिल डॉट आयओची ओळ राहिली असेल तर आजच काढा. ते डोमेन फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्याच्या हाती गेलं आणि जूनमध्ये त्यातून खोडसाळ कोड येत असल्याचं उघड झालं. ब्लॉगच्या फूटरमध्ये, कोणी कधी टाकली ते आठवतही नाही अशा ठिकाणी ती ओळ सापडते.